छळछावणीच्या कागदांतून एका माणसाचा माग कसा काढायचा

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाचलं जाईल. नाझी छळछावण्यांचे जे कागद आज घरबसल्या फोनवर बघता येतात ते मारणाऱ्यांच्याच ऑफिसात टाइप झालेत. त्यामुळे कैद्याच्या कार्डावर जे लिहिलंय ते खरं असेलच असं नाही, आणि जे लिहिलेलंच नाही त्यातच बऱ्याचदा खरी गोष्ट असते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, बरीच कार्डं चुकीची वाचल्यावर कळलं, म्हणून आता एकदाचं लिहून टाकतोय.

मी इतिहासकार वगैरे अजिबात नाही. आरोल्सेन आर्काइव्ह्ज या जर्मनीतल्या संग्रहाचा 'एव्हरी नेम काउंट्स' नावाचा प्रोजेक्ट आहे, २०२० पासून चालू आहे, त्यात जगभरातले लोक जुन्या कार्डांचे स्कॅन बघून नाव, जन्मतारीख, कैदी नंबर असं टाइप करून देतात, म्हणजे मग ते नाव सर्चमध्ये सापडतं. मी तिथे कार्डं टाइप करत होतो आणि एक दिवस वाटलं की नुसती टायपिंग काय करतोय, या माणसाचं पुढे काय झालं ते तरी बघू. तिथून हे मागे लागलं. खालचं सगळं ज्यूंच्या शोधाबद्दल आहे. राजकीय कैदी, रोमा, सोव्हिएत युद्धकैदी यांच्या कागदांची गत वेगळी असते, ते इथे मिसळत नाही.

आधी नाव पाहिजे. तुमच्याकडे कुठलंच नाव नसेल आणि तरी शिकायचं असेल तर श्टोल्परश्टाइनपासून सुरू करा, सगळ्यात सोपं पडतं. जर्मनीत आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत फुटपाथमध्ये बसवलेले पितळी पत्र्याचे छोटे चौकोन असतात, साधारण दहा सेंटिमीटरचे, गुंटर डेमनिग या कलाकाराने नव्वदच्या दशकात ते बसवायला सुरुवात केली आणि मे २०२३ मध्ये न्यूरेंबर्गला एक लाखावा बसला. माणूस स्वतःच्या मर्जीने जिथे शेवटचा राहिला त्या घरासमोर तो चौकोन असतो आणि वर 'इथे राहत होता' असं लिहून नाव, जन्मसाल, कधी आणि कुठे पाठवलं, काय झालं एवढं कोरलेलं असतं. बऱ्याच शहरांनी यांच्या याद्या ऑनलाइन टाकल्यात. म्हणजे नाव, जन्मसाल, गाव आणि पाठवल्याची तारीख या चारही गोष्टी एकाच ठिकाणी मिळाल्या. या चारपैकी किमान तीन हातात नसतील तर शोधायला बसूच नका, एकाच नावाची पन्नास माणसं निघतात आणि आपण कोणाच्या तरी मरणाची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर चिकटवून मोकळे होतो. माझ्याकडून हे झालंय.

शोधायच्या जागा मुख्य दोन. एक आरोल्सेन आर्काइव्ह्ज, जर्मनीतल्या बाड आरोल्सेन गावात, जुनं नाव इंटरनॅशनल ट्रेसिंग सर्व्हिस. युद्ध संपल्यावर हरवलेली माणसं शोधायला दोस्त राष्ट्रांनी जे कागद गोळा केले ते इथे आहेत, सुमारे ३ कोटी कागद आणि पावणेदोन कोटी माणसांची माहिती. कित्येक दशकं हे संशोधकांसाठी बंदच होतं, २००७ ला उघडलं, आणि २०१९ पासून कागद मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन यायला लागले. दुसरी जागा जेरुसलेमचं याद वाशेम, त्यांच्याकडे मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावांचा डेटाबेस आहे. ६० लाखांपैकी जवळपास ५० लाख नावं त्यांनी आजवर जमवलीत, आणि त्यात मोठा वाटा 'पेजेस ऑफ टेस्टिमनी'चा आहे, म्हणजे वाचलेल्या नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, वर्गमित्रांनी स्वतःच्या हाताने भरून दिलेले फॉर्म.

हे दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत हे लक्षात घ्या. आरोल्सेनचा कागद बहुतेक वेळा ऑफिसचा असतो, तारीख नेमकी पण हेतू खोटा. याद वाशेमचा फॉर्म माणसाच्या आठवणीतून आलेला असतो, हेतू खरा पण तारीख डळमळीत. बहिणीने १९५६ मध्ये भरलेल्या फॉर्मवर जन्मसाल एक आणि भाच्याने १९९९ मध्ये भरलेल्या फॉर्मवर दुसरंच, असं सर्रास दिसतं, आणि दोन फॉर्म म्हणजे दोन माणसं नव्हेत, एकाच माणसाला दोघांनी आठवलंय. फॉर्म भरणाऱ्याचं नाव आणि नातं नेहमी बघा. कधीकधी अख्ख्या घरातलं वाचलेलं माणूस कोण होतं ते तिथूनच कळतं.

याशिवाय देशाप्रमाणे जागा आहेत. जर्मनीतून पाठवलेल्यांसाठी तिथल्या बुंडेसआर्काइव्हचं (सरकारी दप्तरखान्याचं) स्मृतिपुस्तक ऑनलाइन आहे, नेदरलँड्ससाठी 'योड्स मॉन्युमेंट', चेक भागासाठी आणि तिथल्या तेरेझिन घेट्टोच्या (घेट्टो म्हणजे ज्यूंना कोंडलेली वस्ती) कैद्यांसाठी चेक डेटाबेस, फ्रान्ससाठी पॅरिसचं शोआ मेमोरियल (शोआ म्हणजे ज्यूंचा नरसंहार), तिथल्या भिंतीवर फ्रान्समधून पाठवलेल्या सुमारे ७६ हजार ज्यूंची नावं आहेत. देश माहीत असेल तर मी आधी इथेच जातो आणि मग मोठ्या दोघांकडे.

स्पेलिंगचं काय करायचं

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. एकाच माणसाचं नाव पोलिश कारकुनाने एक लिहिलं, जर्मन कारकुनाने ऐकून दुसरं लिहिलं, युद्धानंतर अमेरिकन सैनिकाने तिसरं. अब्रामोविच या एका आडनावाची आरोल्सेनच्या कार्डांत शेकडो स्पेलिंगं आहेत, म्हणून तर तिथली जुनी नामसूची उच्चारावर लावलेली होती. कोहेन, कोन, काहान, कागान सगळं करून बघा. श्वार्त्झ, श्वार्ट्स, श्व्हार्त्स. आयझॅक असेल तर इत्सहाक, इझाक, इत्सिक, इग्नात्स पण. घरी हाक मारायचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं असतं हे तर आपल्याकडेही असतंच की. अ‍ॅन फ्रँकचं कागदोपत्री नाव अ‍ॅनेलीस मारी आहे, नुसतं 'अ‍ॅन' टाकून बसलात तर चुकामूक व्हायची. डच कागदांत लग्न झालेल्या बाईची दोन्ही आडनावं जोडून लिहितात, नवऱ्याचं आधी, माहेरचं नंतर. जन्मतारीख मात्र बहुतेक वेळा टिकून राहते, म्हणून मी आडनावाची पहिली तीनचार अक्षरं आणि जन्मतारीख एवढंच टाकून बघतो, आणि तारखेत दिवस-महिना उलटा करूनही एकदा बघतो, कारण जर्मन कारकून आपल्यासारखाच दिवस आधी लिहितो पण अमेरिकन सैन्याच्या फॉर्मवर महिना आधी असतो.

आणि एक. जर्मन कागदावर ज्यू पुरुषाच्या नावात 'इस्राएल' आणि बाईच्या नावात 'सारा' दिसलं की ते नाव तिचं-त्याचं समजू नका. ऑगस्ट १९३८ च्या हुकुमाने, १ जानेवारी १९३९ पासून, ज्यांचं पहिलं नाव सरकारी यादीप्रमाणे 'ज्यू' वाटत नव्हतं त्या प्रत्येकाला हे जोडनाव सक्तीने लावायला लागलं. शोधताना काढून टाका. स्वतः कुठे लिहिताना तर नक्कीच काढून टाका, त्यांनी लावलेलं लेबल आपण कशाला पुढे न्यायचं.

गावांचंही तेच. पोलंडमधल्या वुच शहराचं नाव जर्मनांनी एप्रिल १९४० मध्ये लिट्समानश्टाट केलं, म्हणजे वुच घेट्टोचा कागद लिट्समानश्टाटखाली सापडतो. लव्हूफ, लेंबर्ग, लव्हिव्ह एकच. कोव्हनो, काउनास, काउएन एकच. ब्रेसलाउ म्हणजे आजचं व्रोत्सवाफ. तेरेझिन म्हणजेच थेरेझिएनश्टाट. ऑशविट्झ म्हणजे पोलिश गाव ओश्व्हिएन्चिम, पण म्हणून 'पोलिश छावणी' असं लिहू नका, छावणी जर्मनांची होती, व्यापलेल्या पोलंडमध्ये होती, युनेस्कोच्या यादीतही २००७ पासून तसंच स्पष्ट नाव आहे.

छावणी कुठली हे आधी बघा, मग कार्ड

आता मुख्य भाग. आपण 'छळछावणी' हा एकच शब्द सगळ्याला वापरतो आणि तिथेच गोंधळ होतो. कागद सापडणार की नाही हे छावणी कुठल्या प्रकारची होती यावर ठरतं.

डाखाउ मार्च १९३३ ला सुरू झाली, हिटलर सत्तेत येऊन दोन महिनेही झाले नव्हते, मग झाक्सेनहाउझेन १९३६, बुखेनवाल्ड १९३७, माउटहाउझेन १९३८, बायकांसाठी रावेन्सब्र्युक १९३९. या छावण्यांत कैद्याची नोंद व्हायची, नंबर मिळायचा, कार्ड बनायचं. सुरुवातीला इथे बहुतांशी राजकीय विरोधक होते, ज्यूंना फक्त ज्यू म्हणून मोठ्या संख्येने पहिल्यांदा आणलं ते नोव्हेंबर १९३८ मध्ये, ९ आणि १० तारखेला सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळले, दुकानं फोडली आणि साधारण ३० हजार ज्यू पुरुषांना उचलून डाखाउ, बुखेनवाल्ड, झाक्सेनहाउझेनला नेलं. त्यातले बरेच जण काही आठवड्यांनी सुटले, देश सोडून जाण्याच्या अटीवर. म्हणजे १९३८ च्या कार्डावर 'एंटलासन' म्हणजे सुटका असा शिक्का असेल तर तो खरा असू शकतो, पण खुश होऊन थांबू नका, सुटलेला माणूस हॉलंडला किंवा फ्रान्सला गेला असेल तर चार वर्षांनी तिथून पुन्हा यादीत सापडतो.

दुसरा प्रकार मृत्युछावण्यांचा. खेल्मनो डिसेंबर १९४१ पासून, बेल्झेक मार्च १९४२, सोबिबोर मे १९४२, ट्रेब्लिंका जुलै १९४२. इथे राहायला, कामाला असं कोणाला ठेवायचंच नव्हतं, मृतदेह आणि सामान हाताळायला ठेवलेले थोडे कैदी सोडले तर. गाडी आली की काही तासांत सगळे मेलेले. नंबर नाही, कार्ड नाही, नावाची नोंदच नाही. इथे तुम्हाला सापडलाच तर निघालेल्या गावाचा कागद सापडेल, पोचलेल्या जागेचा कधीच नाही. नेदरलँड्सच्या वेस्टरबोर्क छावणीतून सोबिबोरला १९४३ च्या मार्च ते जुलैमध्ये १९ गाड्या गेल्या, ३४,३१३ माणसं, त्या निघण्याच्या याद्या आहेत, परत आले १८. पूर्व पोलंडच्या छोट्या गावांतून बेल्झेकला गेलेल्या गाड्यांना तर तेवढीही यादी नाही. तिथल्या माणसाचं नाव राहिलं असेल तर ते कोणा नातेवाइकाने भरलेल्या फॉर्ममुळे, आणि अख्खं गाव गेलं असेल तर फॉर्म भरायला कोण उरणार.

बेल्झेकला किती मारले तो आकडा मग कुठून आला? एका तारेतून. ११ जानेवारी १९४३ ला हरमान ह्योफ्ले नावाच्या एसएस (छावण्या चालवणारं नाझी दल) अधिकाऱ्याने लुब्लिनहून पाठवलेला गुप्त संदेश ब्रिटिशांनी पकडला होता, तो काय आहे ते त्यांच्याही लक्षात आलं नाही, थेट २००० मध्ये जुन्या फायलींत सापडला. त्यात १९४२ अखेरपर्यंतची 'आवक' दिली आहे, छावणीच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर आणि आकडा. बेल्झेक ४,३४,५०८. सोबिबोर १,०१,३७०. लुब्लिन, म्हणजे मायदानेक छावणी, २४,७३३. ट्रेब्लिंकापुढे ७१,३५५ आहे, पण एकूण बेरीज १२,७४,१६६ दिली आहे आणि ती जुळत नाही, ट्रेब्लिंकाचा आकडा ७,१३,५५५ धरला तरच जुळते, म्हणजे संदेशात शेवटचा ५ गळलाय. हे मुद्दाम सांगतोय. एक अंक गळला की जवळपास साडेसहा लाख माणसं कागदावरून गायब. म्हणून बेरजा करून बघायची सवय लावा, यांच्या कुठल्याही यादीची.

तिसरा प्रकार म्हणजे ऑशविट्झ आणि काही अंशी मायदानेक, वरचे दोन्ही प्रकार एकाच जागी, आणि इथेच सगळे घसरतात. ऑशविट्झला सुमारे १३ लाख माणसं नेली, त्यात ११ लाख ज्यू. नोंद होऊन नंबर मिळाले सगळ्या मिळून साधारण ४ लाखांना, त्यात ज्यू २ लाखांच्या आसपास. उरलेले साधारण ९ लाख ज्यू बहुतेक सगळे रॅम्पवरूनच, म्हणजे गाडीतून उतरवायच्या फलाटावरूनच, गॅस चेंबरला गेले, त्यांना नंबर दिलाच नाही. हातावर नंबर गोंदवणं हे फक्त ऑशविट्झमध्येच होतं आणि तेही नोंद झालेल्यांसाठी. तेव्हा 'नंबर सापडत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'नोंद हरवली' असा नसतो. लहान मूल, पोटुशी बाई, साठीचा म्हातारा असेल आणि गाडी १९४२ नंतरची असेल तर नंबर शोधत बसू नका, बहुतेक वेळा पोचल्याच्या दिवशीच संपलेलं असतं. हंगेरीतून १९४४ च्या मे ते जुलैमध्ये आठ आठवड्यांत सव्वाचार लाखांहून जास्त ज्यू आणले, त्यातल्या बहुतेकांचं असंच झालं.

कार्ड हातात आल्यावर

समजा नशिबाने कार्ड सापडलं. बुखेनवाल्ड आणि डाखाउची कार्डं सगळ्यात जास्त टिकलीत, तिथे अमेरिकन सैन्य पोचलं तेव्हा ऑफिसं बऱ्यापैकी शाबूत होती. ऑशविट्झमध्ये एसएसने जानेवारी १९४५ मध्ये पळण्याआधी ढीगभर कागद जाळले. बेर्गन-बेल्झनची कैद्यांची नोंद तर ब्रिटिश यायच्या आधी जवळपास सगळी नष्ट केली.

वरच्या कोपऱ्यात 'हेफ्टलिंग' म्हणजे कैदी. 'शुट्झहाफ्ट' दिसेल, शब्दशः अर्थ संरक्षणासाठी कोठडी, प्रत्यक्षात कोर्ट नाही, खटला नाही, मुदत नाही. कैद्याचा प्रकार त्रिकोणाच्या रंगावरून असायचा, राजकीय लाल, गुन्हेगार हिरवा, 'समाजविरोधी' काळा, समलिंगी गुलाबी, यहोवाचे साक्षीदार जांभळा, आणि ज्यू असेल तर त्या त्रिकोणाखाली उलटा पिवळा त्रिकोण म्हणजे मिळून तारा. धर्माच्या रकान्यावर भिस्त ठेवू नका. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांत आजी-आजोबांवरून ज्यू ठरवायचे, स्वतःचा धर्म काय याला फारशी किंमत नव्हती. एडिट श्टाइन कॅथलिक नन होत्या, ऑगस्ट १९४२ मध्ये वेस्टरबोर्कहून ऑशविट्झला नेऊन मारलं, ज्यू म्हणूनच.

मग सामानाचं कार्ड, 'एफेक्टन-कार्टे'. कोट एक, बूट एक जोड, घड्याळ, अंगठी, खाली सही. मला हे कार्ड सगळ्यात जड जातं, का ते सांगता येत नाही. आरोल्सेनकडे अशी काही खरी पाकिटं अजून आहेत, घड्याळं, फोटो, पेनं, ते नातेवाईक शोधून परत देतात. पण त्यात ज्यूंच्या वस्तू अगदीच थोड्या, कारण ज्यूंचं सामान पाकिटात जपून ठेवायचं नव्हतंच, लुटायचं होतं.

कार्डावर 'होलेरिथ' असा शिक्का दिसला तर त्या कैद्याची माहिती पंचकार्ड मशीनसाठी उतरवली गेली होती. 'उबरश्टेल्ट' म्हणजे दुसऱ्या छावणीत पाठवला, बाजूला छावणीचं नाव आणि तारीख असते, हा तुमचा पुढचा धागा. लक्षात ठेवा, नव्या छावणीत नवा नंबर मिळतो, आणि बुखेनवाल्डमध्ये मेलेल्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचे, तेव्हा नुसत्या नंबरवरून माणूस ठरवू नका, जन्मतारीख जुळलीच पाहिजे. हाताने लिहिलेला जर्मन १ बऱ्याचदा आपल्याला ७ वाटतो, त्याला वर लांब शेपटी असते, खरा ७ असेल तर मध्ये आडवी रेघ असते.

आता खोटे शब्द. 'झोंडरबेहांडलुंग', विशेष वागणूक, म्हणजे मारलं. 'एव्हाकुइर्ट', हलवलं. 'पूर्वेकडे'. गावच्या नोंदवहीत 'अज्ञात ठिकाणी राहायला गेले' असं लिहून नाव खोडलेलं, आणि घर दुसऱ्याच्या नावावर. 'पळताना गोळी घातली' हे छावण्यांच्या कागदांत इतक्या वेळा येतं की किती जण खरंच पळत होते देव जाणे. मृत्यूचं कारण तर कधीच जसंच्या तसं घेऊ नका. ऑशविट्झच्या मृत्यूनोंदीच्या ४६ वह्या वाचल्यात, जुलै १९४१ ते डिसेंबर १९४३ मधले जवळजवळ ६९ हजार मृत्यू त्यात आहेत, पानापानावर हृदयविकार, न्यूमोनिया, अशक्तपणा. पंचविशीतले धडधाकट लोक आठवड्याभरात हृदयविकाराने. ही कारणं बनवलेली आहेत.

एक उदाहरण करून बघू

प्रॅक्टिससाठी आम्स्टरडॅमचं प्रिन्सेनखराख्त २६३ घ्या, अ‍ॅन फ्रँक लपली होती ते घर, कारण तिथल्या माणसांवर एवढं संशोधन झालंय की आपलं उत्तर ताडून बघता येतं. ४ ऑगस्ट १९४४ ला तिथे लपलेले आठ ज्यू पकडले. चौघे फ्रँक, तिघे व्हॅन पेल्स, आणि फ्रिट्स फेफर. आठही जण वेस्टरबोर्कला, आठही जण ३ सप्टेंबरच्या एकाच गाडीत, १,०१९ माणसांची ती यादी टिकली आहे. इथपर्यंत सगळ्यांचा कागद सारखा. यापुढे बघा कसे फाटे फुटतात.

ओट्टो फ्रँक, नंबर बी-९१७४, ऑशविट्झमध्येच राहिले, २७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत सैन्य आलं तेव्हा तिथे जे सात हजारांच्या आसपास कैदी जिवंत होते त्यात होते. एडिट फ्रँक ६ जानेवारीला तिथेच गेल्या, तीन आठवडे आधी. हरमान व्हॅन पेल्सना पोचल्यानंतर काही आठवड्यांनी गॅस चेंबरला पाठवलं, ही माहिती सोबतच्या कैद्यांकडून आली. फेफरना नॉयेनगामे छावणीत हलवलं, तिथे २० डिसेंबर १९४४ ला मृत्यूची नोंद आहे. पेटर व्हॅन पेल्स, वय अठरा, ऑशविट्झहून माउटहाउझेनला. त्याची मृत्यूची तारीख कित्येक वर्षं ५ मे १९४५ धरली जात होती, छावणी मुक्त झाली तोच दिवस, नंतर अमेरिकन सैन्याच्या यादीत १० मे सापडली. म्हणजे मुक्त झाल्यावर पाच दिवसांनी. त्याची आई आउगुस्ते बेर्गन-बेल्झन, तिथून राघून, तिथून तेरेझिनच्या वाटेवर एप्रिलमध्ये गेली.

आणि मार्गोट आणि अ‍ॅन. दोघींना ऑशविट्झमध्ये नंबर मिळाले होते पण नेमके कुठले ते माहीत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बेर्गन-बेल्झनला पोचल्या. तिथे टायफस. कागद जाळलेले. युद्धानंतर डच सरकारने मृत्यूची तारीख ३१ मार्च १९४५ लावली, आणि नंतर साक्षीदारांचं म्हणणं परत तपासल्यावर संशोधकांना फेब्रुवारी जास्त शक्य वाटतो. जगातली सगळ्यात ओळखीची मुलगी आणि तिचीही तारीख नाही.

यावरून एक साधी युक्ती घ्या. मृत्यूची तारीख महिन्याची शेवटची असेल, ३१ मार्च, ३० सप्टेंबर वगैरे, तर ती बहुधा कोर्टाने किंवा सरकारने ठरवून दिलेली आहे, वारस लावायला किंवा पुनर्विवाहाला काहीतरी तारीख लागते ना. जर्मनीतल्या कागदांत ८ मे १९४५ ही तशीच तारीख, युद्ध संपल्याचा दिवस. बाजूला 'मृत घोषित' असं लिहिलंय का बघा.

न सापडल्याचं काय करायचं

समजा सगळं केलं आणि काहीच नाही. बहुतेक वेळा हेच होणार. तेव्हा एक पायरी मागे या, माणसाऐवजी गाडी शोधा. त्या गावातून त्या तारखेला कुठली गाडी निघाली, किती माणसं, कुठे पोचली, किती वाचले. याद वाशेमकडे अशा गाड्यांची वेगळी माहिती आहे. तेरेझिनच्या गाड्यांना अक्षरांचे कोड आणि प्रत्येक माणसाला गाडीतला नंबर असायचा, तो सापडला तर एका ओळीत तेरेझिनला आणलेली आणि तिथून पुढे नेलेली अशा दोन्ही गाड्या कळतात. आणि व्यापलेल्या सोव्हिएत भागातलं गाव असेल तर गाडीही शोधू नका, तिथे छावणीत न्यायचे कष्टच घेतले नाहीत, गावाबाहेर नेऊन गोळ्या घातल्या. कीवच्या बाबी यारला १९४१ च्या २९ आणि ३० सप्टेंबरला दोन दिवसांत ३३,७७१, हा आकडा त्यांच्याच रिपोर्टमधला, नावं एकाचंही नाही.

हे एवढं ताणून सांगायचं कारण म्हणजे इंटरनेटवर काही महाभाग हेच कागद घेऊन उलटा हिशेब मांडतात. मृत्यूच्या वह्यांत ६९ हजारच आहेत, म्हणजे ऑशविट्झमध्ये एवढेच मेले. किंवा आरोल्सेनच्या खास नोंदणी कार्यालयाने काही लाखच मृत्यूचे दाखले दिलेत, म्हणजे सगळ्या छावण्या मिळून एवढेच. असं कोणी फेकलं तर वाद घालत बसू नका, एकच विचारा, की त्या वहीत कोणाची नोंद व्हायची? वह्या फक्त नंबर मिळालेल्या कैद्यांच्या, त्याही ठरावीक काळाच्या आणि त्यातल्याही अर्धवट वाचलेल्या. दाखला तर कोणीतरी अर्ज केला आणि कागद दाखवला तरच मिळायचा. रॅम्पवरून थेट गेलेली आई आणि तिची तीन मुलं या दोन्हींत नाहीत, आणि अर्ज करायलाही मागे कोणी नाही.

थोडं वागण्याबद्दल. वाचलेली माणसं आणि त्यांची मुलं अजून आहेत, त्यांना शोधून काढून मेसेज करू नका की मला तुमच्या आजीचं कार्ड सापडलं. आरोल्सेनला कळवा, नातेवाइकांची चौकशी ते फुकट करतात, वेळ लागतो, महिनेही लागतात. प्रेतांचे फोटो शेअर करू नका, ते फोटो काढणारा बऱ्याचदा कोण होता ते आठवा. आवाज ऐकायचे असतील तर शोआ फाउंडेशनकडे ५० हजारांहून जास्त मुलाखती आहेत, त्यातल्या बऱ्याच त्यांच्या साइटवर बघता येतात, एखाद्या छावणीचं कार्ड वाचायच्या आधी त्याच छावणीतल्या एकाचं बोलणं ऐकून घ्या, कार्डावरचे शब्द मग वेगळे वाचले जातात. आणि एका बैठकीत फार करू नका. मी वीस कार्डांनंतर थांबतो, पुढे डोळे नुसते आकडे बघायला लागतात.

सापडलेलं लिहून ठेवताना 'मृत्यू' असा रकाना मी आता ठेवतच नाही. 'शेवटचा कागद' असा ठेवतो, त्यात तारीख, जागा, कागद कोणी बनवला आणि कशासाठी. परवा केलेल्या एकाच्या रकान्यात लिहिलंय, जुलै १९४२, निघायची यादी, पोलिसांनी बनवलेली, मोजणीसाठी. त्याच्या पुढच्या रकान्यात याद वाशेमचा फॉर्म, लिहून देणारी पुतणी, आणि व्यवसायाच्या जागी तिने 'शिंपी' लिहून पुढे कंसात घातलंय, माझा शाळेचा कोट काकांनी शिवला होता.